हात थांबेपर्यंत

ती हसली, हे तिला नंतर सहन होईना. नवरा जे बोलला ते एक वेळ सोडून देता आलं असतं. एकतीस वर्षांत तिने त्याच्याकडून याहून वाईट ऐकून घेतलं होतं आणि वर त्यालाच चहा करून दिला होता. पण या वेळी ती हसली. चांगली दात दाखवून, पाहुणीच्या हसण्यात आपलं हसणं मिसळून, जसं काही कुणा तिसऱ्याच बाईबद्दल चाललं होतं. झालं होतं एवढंच, की मँडोलिन वाजवणाऱ्या बाई नवं वाद्य करायला सांगायला आल्या होत्या. त्यांचं जुनं वाद्य प्रवासात मानेपाशी तुटलं होतं आणि तीन महिन्यांनी त्यांना मोठ्या सभागृहात वाजवायचं होतं. नाव मोठं, पण कारखान्यातल्या तिपायी स्टुलावर बसून त्या भिंतीला टांगलेल्या फळ्यांकडे शाळकरी मुलीसारख्या बघत होत्या. “भाऊ, एक विचारू?” त्या म्हणाल्या. “फळी खरवडताना नेमकं कुठे थांबायचं, हे कसं कळतं हो तुम्हाला?” नवऱ्याने एका बोटाने स्वतःचा कान दाखवला. “हा सांगतो.” बाई खूश झाल्या. मग कप उचलता उचलता त्यांनी सहज तिच्याकडे मान वळवली. “आणि वहिनींना? इतकी वर्षं ऐकून त्यांनाही कळत असेल की.” “हिला?” तो म्हणाला. “हिला किटली आणि मँडोलिन यातला फरक कळला तरी मिळवली!” बाई हसल्या, तो हसला, तीही हसली आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेली.

आत तिने नळ सोडला आणि धुतलेलेच कप पुन्हा धुतले. गाल अजून हसण्याच्या जागी ताणलेले होते आणि काही केल्या खाली येत नव्हते. किटलीचं नाव त्याने काढावं! नऊ वर्षांपूर्वी याच स्वयंपाकघराच्या दारात तो वर्तमानपत्र वाचत उभा होता. हातभर अंतरावर किटली शिट्टी मारत होती, घर डोक्यावर घेत होती, आणि हा आपला निवांतपणे पान उलटत होता. मागच्या खोलीतून तीच धावत आली आणि तिने गॅस बंद केला. “ऐकू नाही आलं?” “काय?” तो म्हणाला, आणि मग वाफ बघून, “मी वाचत होतो.” बोलणं त्याला ऐकू यायचं, समोरून बोललं तर चांगलं स्पष्ट. गाडीचा भोंगा, दाराचा धक्का, हातोडा, सगळं ऐकू यायचं. गेले होते ते वरचे, बारीक आवाज. आणि मँडोलिन म्हणजे दुसरं काय असतं? वर्षभरात तिच्या लक्षात आलं की हे त्याच्याही लक्षात आलेलं आहे. डॉक्टरकडे तो गेला नाही. मिस्त्री कान तपासून आला ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली असती आणि कारखान्याला कुलूप लागलं असतं. दोघांत त्यावर एक अक्षर झालं नाही. न बोललेल्या गोष्टी त्या घरात इतक्या साठल्या होत्या की त्यांना वेगळी खोली लागली असती. त्यांत ही आणखी एक.

कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीखाली त्याचं टेबल, त्याला काटकोनात भिंतीकडे तिचं. तो घडवायचा, ती पॉलिश करायची. लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हा त्याने तिच्या हातात चिंधीत गुंडाळलेला कापसाचा बोळा दिला, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेची बाटली पुढे ठेवली आणि म्हणाला, “गोल गोल फिरवत राहायचं. लाकडावर हात थांबला की डाग पडला.” तेवढं एक वाक्य शिकवणीचं, बाकी सगळं तिच्या मनगटाने आपलं आपण शोधलं. पातळ थर, त्यावर पातळ थर, मध्ये दिवसभर सुकणं, मग बारीक कागदाने घासणं, पुन्हा थर. गल्लीत तिला पॉलिशवाली म्हणत. मिस्त्रीची बायको असं कुणी म्हणत नसे, याचं तिला सुरुवातीला बरंही वाटायचं.

कान तिने कारखान्यात कमावलेला नव्हता. तिची आई काचसामानाच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाला कप बांधून द्यायच्या आधी आई प्रत्येक कपाला नखाने टिचकी मारायची, कारण डोळ्यांना न दिसणारी चीर टिचकीत लगेच कळते. शाळा सुटल्यावर ही काउंटरखाली पाय दुमडून बसायची आणि आईच्या आधी सांगायची, “चिरलेला.” वर कप दिसतही नसे. आई तो बाजूला ठेवायची. ती चुकली असं कधी झालं नाही. त्यांच्या घरातले सगळे कप त्यामुळेच चिरलेले होते. दुकानदार ते फुकट द्यायचा. तेव्हा तिला वाटायचं, हे सगळ्यांनाच येतं, जसं चालता येतं.

तर एकदा, किटलीनंतर वर्षभराने, तो एका वाद्याची वरची फळी खरवडत होता. तबली म्हणायचा तो तिला. मँडोलिनचा सगळा जीव तिच्यात. जाड राहिली तर आवाज कोंडतो, पातळ झाली तर तारांच्या ताणाखाली खचते, आणि या दोन्हींच्या मधली जागा प्रत्येक लाकडात वेगळी. दोन बोटांत फळी धरायची, अंगठ्याने ठोकायची, कानाशी न्यायची, पोलादी पात्याने एक पापुद्रा काढायचा, पुन्हा ठोकायची. तो दिवसभर ठोकत होता आणि त्याच्या मानेची शीर तटतटली होती. ती शेजारी दुसऱ्याच वाद्याच्या पाठीला पॉलिश देत होती. फळी ठक ठक करत होती, ठक ठक, आणि मग एकदम ती वाजली. स्वच्छ, मोकळी, खालपासून वरपर्यंत. तिचा हात जागच्या जागी थांबला. बोळा चिकटला, लाखेवर डाग पडला, आणि ती “अगं बाई” म्हणून ओरडली. त्याने वर पाहिलं. आधी तिच्याकडे, मग तिच्या हाताकडे, जरा जास्तच वेळ. मग त्याने पातं खाली ठेवलं. ते वाद्य असं निघालं की लांबलांबचे लोक बघायला आले. पुढच्या वाद्याच्या वेळी खरवडायला बसण्याआधी त्याने तिचं टेबल वीतभर पुढे सरकवलं. उजेड नीट पडत नाही, म्हणाला.

मग हे तसंच चालू राहिलं. तो ठोकायचा आणि मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्या हाताकडे बघायचा. हात गोल फिरत असला की खरवडायचा, थांबला की थांबायचा. प्रत्येक चांगल्या तबलीपायी तिच्या पॉलिशवर एक डाग पडायचा आणि तो काढायला तिचे दोन दिवस जायचे. एकदा तिने मुद्दाम करून पाहिलं. फळी अजून जाड होती, आवाज कोंडलेला होता, आणि तिने हात थांबवला. त्याने पातं ठेवलं. तिने हात पुन्हा चालू केला. त्याने खाकरून पातं पुन्हा उचललं. तिला आधी हसू आलं आणि मग भीती वाटली, आणि असला खेळ तिने पुन्हा केला नाही. तो मात्र लोकांना कान दाखवत राहिला. वाद्याच्या आत चिकटवायच्या चिठ्ठीवर त्याचं नाव असायचं आणि खाली साल. खळ लावून ती चिठ्ठी आत चिकटवायचं काम तिचं, कारण तिची बोटं बारीक.

हे सगळं तिला सोसवत होतं असं नाही, पण अंगवळणी पडलं होतं. न सोसवणारी गोष्ट एकच होती आणि तिच्यात त्याचा दोष किती हे तिला कधी ठरवता आलं नाही. आईचं शेवटचं आजारपण चालू होतं. सकाळी भावाचा फोन आला, आता काही खरं नाही, नीघ. तिच्यापुढे अर्धा पॉलिश झालेलं वाद्य होतं. नवरा म्हणाला, “एवढा हात पुरा करून नीघ. मध्येच सोडलंस तर सगळं खरवडून काढावं लागेल.” तिने पुरा केला. दोन तास. ती पोचली तेव्हा भाऊ दारात उभा होता आणि आत जायची घाई उरली नव्हती. पण नवऱ्याने काही तिला खुर्चीला बांधून ठेवलं नव्हतं. चमक येत होती, नुकती येऊ लागली होती, आणि तिचं तिलाच उठवेना. शेवटचा अर्धा तास तर आई तिच्या मनातही नव्हती. हे त्याला माहीत नव्हतं. म्हणूनच की काय, त्याला तिने त्याबद्दल कधी माफ केलं नाही.

बाई येऊन गेल्यावर तीन आठवड्यांनी तबलीचं काम निघालं. लाकूड त्याने अकरा वर्षं जपून ठेवलं होतं, सरळ रेषांचं, फिकट, कुठे गाठ नाही. “हे बाईंच्याच नशिबात होतं,” तो म्हणाला आणि फळीवरून उलटा हात फिरवला. माणसांवरून त्याने असा हात फिरवलेला तिने पाहिला नव्हता, आपल्या लेकीवरूनसुद्धा नाही. तिने काहीही ठरवलं नव्हतं. हे ती पुढे स्वतःला कितीदा तरी सांगणार होती, आणि ते खरंच होतं. पहिले दोन दिवस ती नेहमीसारखी बसली, नेहमीसारखं ऐकलं. तिसऱ्या दिवशी, जेवायच्या जरा आधी, फळी बोलली. असा आवाज तिने आयुष्यात ऐकला नव्हता. खोलीतली हवा कुणीतरी पुसून घेतल्यासारखी झाली. तिच्या दंडापासून बोटांपर्यंत सगळा हात थांबायला निघाला, जसा पाय खड्ड्यापुढे आपला आपण थांबतो, आणि नेमक्या त्याच क्षणी तिला आपले ताणलेले गाल आठवले. आठवले म्हणजे पुन्हा जाणवले, तसेच, हसण्याच्या जागी. तिचा हात फिरत राहिला. त्याने पुन्हा ठोकलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. हात गोल, गोल, गोल. त्याने पातं उचललं आणि पापुद्रा काढला.

एवढं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, चोरायचं नव्हतं, काही मोडायचं नव्हतं. फक्त काम करत राहायचं होतं, आणि कामसू म्हणून तर तिची ख्याती होती. दुपारी जेवताना त्याने दोनदा पाणी मागितलं. चौथ्या दिवशी त्याने जाडी मोजायचा काटा काढला. फळीच्या मधोमध लावून पाहिला, पुसून पुन्हा लावला. “चार मिलिमीटर,” तो पुटपुटला. काटा थांब म्हणत होता. पण काट्यावर भरवसा ठेवून त्याने सहा वर्षांपूर्वी एक वाद्य केलं होतं, ती आजारी होती तेव्हा, आणि ते असं मुकं निघालं होतं की गिऱ्हाइकाने परत आणून टेबलावर ठेवलं आणि न बोलता निघून गेला. त्याने काट्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं आणि काटा खणात टाकला. हे तिला फार लागलं. हा माणूस पोलादापेक्षा, आकड्यापेक्षा, स्वतःच्या चाळीस वर्षांच्या बोटांपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवत होता, आणि मेला तरी ते तोंडाने बोलणार नव्हता. आता थांबवावा हात, तिला वाटलं. आता थांबवला तर थोडं कमीजास्त होईल, पण वाद्य जगेल. तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा फिरत होता आणि त्याच्याखाली चमक येत होती.

पाचव्या दिवशी आवाज सैल पडू लागला. मोठा झाला, पसरट झाला, त्याची कड गेली. आता फळी अंगठ्याखाली किंचित दबत होती. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने ठोकलं, पाहिलं, पातं उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग नऊ वर्षांत कधी न केलेली गोष्ट त्याने केली. मान पूर्ण वळवली, सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि तोंडाने विचारलं, “अजून?”

एक शब्द. तेवढ्यात सगळं होतं. कबुली होती, विनवणी होती, आणि नीट पाहिलं तर माफीही सापडली असती. याच शब्दासाठी तर तिचा जीव इतकी वर्षं तळमळला होता. तिला वाटलं आता आपण रडणार. पण तोंडातून भलतंच आलं, आणि ते इतक्या सहज आलं की आधीपासून जिभेखाली तयार असावं.

“मला काय विचारता? किटलीतलं आणि मँडोलिनमधलं मला काय कळतंय!”

तो हसला. म्हणजे हसल्यासारखं केलं. मान फिरवली आणि खरवडायला लागला. त्याची पाठ तिला दिसत होती, सदऱ्याखालून मणके दिसण्याइतकी वाकलेली. आणखी किती, हे आता तीच ठरवणार होती. सगळी फळी फुकट घालवायची नव्हती. तसं झालं तर तो उद्या दुसरी घेईल आणि गोष्ट तिथेच संपेल. बाहेरून कळू नये, वाजवून कळू नये, पण टिकू नये, अशी एक जागा असते, आणि ती जागा ऐकणारा कान त्या खोलीत एकच होता. तिने वाट पाहिली. ती जागा आली तेव्हा तिने आधी बोळा लाकडावरून उचलून घेतला आणि मग हात थांबवला. या वेळी पॉलिशवर डाग पडला नाही. त्याने श्वास सोडला, पातं ठेवलं आणि डोळे मिटून दोन्ही तळवे गुडघ्यांवर पुसले. “बोलली,” तो म्हणाला. काटा त्याने एकदा लावून पाहिला. सव्वातीन. “मऊ लाकूड असतं एखादं,” तो स्वतःशी म्हणाला.

त्यानंतर सांगायला जागा नव्हती असं नाही. सरस तापला तेव्हा सांगता आलं असतं. फळी चौकटीवर बसली, शिकंजे आवळले गेले, दुसऱ्या सकाळी सुटले, तेव्हाही. सरसाचा जोड गरम पाण्याने सुटतो, तबली काढून नवी घालता येते. रोज ती उद्यावर टाकत होती. लेकीचा फोन आला. “आई, बाबा म्हणत होते बाईंचं वाद्य करताय. आवाज कसा आहे गं?” “बाबांना विचार,” ती म्हणाली. “त्यांना कळतं त्यातलं.” लेक हसली. या घरात सगळे किती हसतात, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग वाद्य तिच्या टेबलावर आलं आणि तिने त्याला असं पॉलिश दिलं जसं पूर्वी कधी दिलं नव्हतं. चोवीस दिवस. कडेला गडद तांबडं, मध्ये मधासारखं होत जाणारं. रंग कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे तिचं तिला सांगता येईना. आपण हे का करतोय, ती स्वतःला विचारायची आणि हात फिरवत राहायची. खचणाऱ्या फळीवर एवढा जीव कशाला? पण हाताला चांगलंच काम येत होतं, वाईट करायला त्याला शिकवलेलंच नव्हतं. चिठ्ठी तिने आत चिकटवली, त्याच्या नावाची, सरळ रेषेत. विसाव्या का एकविसाव्या दिवशी तो मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ. “असा हात तुझा कधी लागला नव्हता,” तो म्हणाला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तिच्या अंगावर काटा आला. आता सांग, आत कुणीतरी म्हणालं, आता नाही तर कधीच नाही. तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली. तो जांभई देऊन अंघोळीला गेला.

तारा चढल्या, आठ तारा, जोड्याजोड्यांनी. बाई आल्या, स्टुलावर बसल्या आणि त्यांनी वाजवलं. पहिल्या स्वराला त्यांचे डोळे भरून आले. खोली दणाणली, काचा झणझणल्या. नवरा बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होता, आधाशासारखा, एकेक सुरकुती वाचत होता. तिच्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. आता गरज नव्हती. “भाऊ, हे काय करून ठेवलंत!” बाई म्हणाल्या. त्यांनी पुढे वाकून त्याचे हात हातांत घेतले. ती भिंतीला टेकून ऐकत होती. आवाज सुंदर होता, नाही कोण म्हणेल? तापात माणसाचे गाल लाल होतात आणि भेटायला आलेले म्हणतात तब्येत सुधारली, तसा सुंदर होता. सभागृहातही तसंच झालं. लोक उभे राहिले. बाईंनी व्यासपीठावरून नवऱ्याला उठायला सांगितलं आणि म्हणाल्या, “हे सगळं या माणसाच्या कानात आधी वाजलंय.” तो उठला, वळून हात जोडले. शेजारी बसून ती टाळ्या वाजवत होती आणि ऐकत होती. तिसऱ्या गतीतच वरच्या तारेला एक अगदी बारीक खरखर आली होती. हजार माणसांत ती तिला एकटीलाच कळली आणि तिला, खोटं कशाला, अभिमान वाटला.

सात आठवड्यांनी बाई आल्या. आधी फोन नाही, काही नाही. पेटी टेबलावर ठेवली, उघडली आणि बाजूला झाल्या. बघायला कान लागत नव्हता. तारा पेलणाऱ्या घोडीखाली तबली बशीसारखी दबली होती. तारा खाली येऊन मानेवरच्या पट्ट्यांना टेकल्या होत्या. नवऱ्याने एक डोळा मिटून कडेने पाहिलं. अंगठ्याने घोडीशेजारी दाबलं. वरचं पॉलिश तेवढं झकास होतं, कुठे तडा नाही. खिडकी त्यात दिसत होती.

“माझं काही चुकलं का, भाऊ?” बाईंनी विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच अवघड होतं. “मी जपून वापरलं हो. उन्हात नाही, थंडीत नाही.”

“तुमचं नाही. फळी पातळ झालीय.”

“दुरुस्त होईल?”

“तबली काढावी लागेल. म्हणजे मग हे वाद्य उरलंच कुठे.”

“पण तुमचा कान...” बाई म्हणाल्या.

ती तोपर्यंत खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली होती. बाहेर समोरच्या घरातलं कुणीतरी गालिचा झटकत होतं. मागे नवऱ्याने स्टूल ओढलं आणि तो बसला. “कान माझा नाही, बाई,” तो म्हणाला. “नऊ वर्षं झाली. वरचं काही ऐकू येत नाही मला. हिच्या हातावर नजर ठेवून काम करतो. हिचा हात थांबला की मी थांबतो. तुम्ही ज्या ज्या वाद्यांची तारीफ केलीत, ती सगळी हिच्या कानाने झालीत.”

तिचे डोळे गच्च मिटले. आनंद झाला, हे कबूल करायलाच हवं. सगळ्या अंगाला झाला, पावलांपर्यंत. परक्या माणसासमोर, स्वच्छ शब्दांत, न मागता. आता त्याने आणखी काही बोलू नये, एवढंच तिला वाटत होतं. वळून त्याच्याजवळ जावं, आयुष्यात दुसरं काही नको.

“पण आता तिचंही वय झालं,” तो म्हणाला. आवाजात माया होती, खरी माया, लहान मुलाबद्दल बोलावं तशी. “चुकली बिचारी. होतं असं, कान कुणाचे जन्मभर पुरतात? मी तिला एका शब्दाने बोलणार नाही. तुम्हीही मनात ठेवू नका.”

गालिचा झटकणारं माणूस आत गेलं. “माझा कान चुकला नाही,” ती काचेकडे बघत म्हणाली. आवाज चढवला नाही. “तिसऱ्या दिवशीच फळी बरोबर बोलली होती. मला ऐकू आलं. मी हात थांबवला नाही.”

ती वळली. बाईंचा हात पेटीच्या कडीवर तसाच राहिला होता आणि त्या तिच्याकडे अशा बघत होत्या, जसं कुणी रस्त्यात अंगावर आलेल्या जनावराकडे बघावं. नवरा बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होता. “काय म्हणाली ही?” त्याने विचारलं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “काही नाही, भाऊ,” त्या म्हणाल्या. “वाईट वाटतंय म्हणाल्या त्यांना.”

तो मान हलवत राहिला. बाईंनी सगळं सावरून दिलं होतं. आता चहा ठेवायचा होता, नव्या फळीचं बोलणं झालं असतं, आणि पुढची सगळी वर्षं ती एक कान गेलेली बिचारी बाई होऊन त्याच्या शेजारच्या टेबलाशी बसली असती. त्याने तिला सांभाळून घेतलं असतं. रोज, मायेने. ती खिडकीपासून निघाली, टेबलाला वळसा घालून आली आणि त्याच्यासमोर, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी उभी राहिली. “वहिनी, नका,” बाई म्हणाल्या. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला वर बघायला लावलं आणि पुन्हा सांगितलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, बहिऱ्या माणसाला सांगतात तसं. वार सांगितला, वेळ सांगितली. ओठ वाचताना शब्द नीट कळावा म्हणून तो हल्ली स्वतःचे ओठ समोरच्याबरोबर हलवायचा, तसे ते हलत होते. “मी – हात – थांबवला – नाही,” ती म्हणाली, आणि त्याचे ओठही तेच म्हणाले.